माशाच्या पोटात तीन दिवस राहता येईल का?

पत्र: ताई, नाव छापू नका प्लीज. वय २६, राहते कळव्याला, ऑफिस ऐरोलीला. लहानपणापासून माझं एक दिवास्वप्न आहे. मला एखाद्या प्रचंड माशाने नाहीतर अजगराने अख्खं गिळलंय, चावलं वगैरे काही नाही, आणि मी आत ऊबदार अंधारात पडून आहे, बाहेरचा आवाज नाही, फोनला रेंज नाही, कोणी काही मागत नाही. भीती वाटत नाही, उलट झोप छान लागते. त्यावरच एक गोष्ट लिहायला घेतली होती, ठाण्याच्या खाडीत एक म्हातारा नागमासा असतो आणि एक मुलगी त्याच्या पोटात तीन दिवस राहून परत येते. आतेभाऊ एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याच्या हाती वही लागली. म्हणाला तुझी हिरॉइन ॲसिडमध्ये दोन मिनिटांत विरघळेल, आणि मग सगळ्यांसमोर, "हिला ठाण्याच्या मेंटल हॉस्पिटलला भरती करा, जवळच आहे, रिक्षाचे पैसे पण वाचतील." तेव्हापासून लिहिणं बंद आहे. खरंच काय होईल आत? मला काही झालंय का? आणि गोष्ट फाडून टाकू का?

उत्तर: वही फाडायची नाही, हे सगळ्यात आधी. कपाटात ठेव आणि यापुढे कुलूप लाव. बाकीचं सावकाश बोलू.

आतेभावापासूनच सुरुवात करते कारण मला त्याचा रागच आलाय. एमबीबीएसला फिजिऑलॉजी पहिल्याच वर्षी असते, म्हणजे हा पोरगा जठराचा धडा वाचून, पेपर देऊन, पास होऊन वर आलाय आणि तरी सांगतोय दोन मिनिटांत विरघळेल. सिनेमात विरघळतं. खऱ्या पोटात नाही. जठरातलं आम्ल जोरदार असतं हे खरं, हायड्रोक्लोरिक ॲसिडच ते, माणसात पीएच साधारण १.५ ते ३.५, पण पचणं म्हणजे विरघळणं नाही गं. आम्लाचं काम प्रथिनांची घडी मोडायची आणि पेप्सिन नावाच्या पाचक एन्झाइमला कामाला लावायचं, मग पेप्सिन त्या प्रथिनांचे तुकडे करत बसतं, आणि त्याला वेळ लागतो. आपण वरणभात खातो तो चावून, लाळेत कालवून, तरी जठर रिकामं व्हायला दोन ते चार तास जातात. अख्खी मुलगी, ती पण जीन्स घालून, दोन मिनिटांत? काहीही.

आणि हे एका माणसाने प्रत्यक्ष बघून लिहून ठेवलंय. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला, माणूस वाचला पण पोटावरची जखम पूर्ण बुजलीच नाही, बाहेरून थेट जठरात भोक राहिलं. विल्यम बोमाँट म्हणून आर्मीतला डॉक्टर होता, त्याने त्याला वाचवलं आणि मग काही वर्षांनी त्याच भोकातून प्रयोग सुरू केले, रेशमाच्या दोऱ्याला कोबी, पाव, मांसाचे तुकडे बांधून आत सोडायचे आणि थोड्या वेळाने ओढून बघायचं. तासाभराने कोबी आणि पाव निम्मे गेलेले, मांस जवळजवळ जसंच्या तसं. बोमाँटचं पुस्तक १८३३ मध्ये आलं, पचनाबद्दल आपल्याला जे कळलं त्यातलं बरंच त्या एका भोकातून कळलंय. (सेंट मार्टिनला हे प्रकरण अजिबात आवडायचं नाही, मधेच तो न सांगता कॅनडात निघून गेला होता, आणि मला त्यात त्याचं काही चुकलं असं वाटत नाही.)

इतक्या लांब जायचं नसेल तर मासळी बाजारात जा. कोळीण मोठा रावस नाहीतर घोळ कापते तेव्हा कधीकधी जठरातून अख्खी मांदेली निघते, ती फेकून द्यायच्या आधी नीट बघ, मावशी ओरडली तरी बघ. अंगावरची चमक गेलेली असते, कातडी सुटलेली, पर आणि शेपटी झिजलेली, डोळा उकडल्यासारखा पांढरा, बोट लावलं की वरचा थर पिठूळ होऊन हाताला येतो, पण त्याच्या खाली मांस अजून काट्याला धरून, घट्ट. मांदेली मांदेलीच असते, ओळखू येते. पचन असं बाहेरून आत, थराथराने सरकतं.

आता तू म्हणशील म्हणजे माझी हिरॉइन वाचते. नाही बाई. ॲसिडने मरत नाही एवढंच, कारण ॲसिडची पाळी यायच्या आधीच ती गेलेली असते, हवा नाही म्हणून. पोटात जी काही हवा असते ती गिळताना गेलेली नाहीतर आंबून तयार झालेली, गाईच्या पोटात बघितलं तर बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन. ऑक्सिजन मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, शुद्ध तर त्याच्या कितीतरी आधी जाते.

पण तुझ्या गोष्टीतली सगळ्यात मोठी थाप हवा पण नाही आणि ॲसिड पण नाही. जागा आहे. तू आत "पडून" आहेस, म्हणजे वर छत आहे, बाजूला भिंती आहेत, मधे अंधार आहे. असं पोटात काही नसतं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पोट म्हणजे गुलाबी गुहा, कारण एंडोस्कोपीचे फोटो तसे दिसतात, पण ती गुहा डॉक्टरने केलेली असते, दुर्बिणीतून हवा नाहीतर कार्बन डायऑक्साइड आत सोडून जठर फुगवतात तेव्हा कुठे त्यांना काही दिसतं. एरवी रिकामं जठर म्हणजे हवा गेलेला फुगा, भिंतीला भिंत चिकटलेली. आणि जे आत येईल त्याला ते लपेटून बसतं, मधे बोटभर पण मोकळी जागा ठेवत नाही. गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल निघालीय बघ, २००१ पासून वापरतात, साधारण २६ मिलिमीटर लांब, ती गिळली की आठेक तास पोटातून आतड्यातून फिरत हजारो फोटो काढते. तुझं स्वप्न त्या कॅप्सूलने खरोखर जगून घेतलंय म्हणायचं. तर तिचे फोटो बघितलेस तर लहान आतड्याची भिंत थेट कॅमेऱ्याच्या काचेवर टेकलेली दिसते, मखमलीचे लव उभे असतात ना तसलं काहीतरी, इतकं जवळ की फोकससुद्धा कसाबसा होतो. गुहाबिहा काही नाही, सगळं अंगाला लागून.

शांतता पण नाही. जठराच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर असतात आणि आपल्यात मिनिटाला साधारण तीन लाटा येतात, घुसळायच्या. उपाशी असलं तरी सुट्टी नाही, दर दीडदोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत सफाईची एक मोठी लाट जाते, मीटिंगमध्ये सगळे गप्प असताना आपलं पोट गुरगुरतं ते बऱ्याचदा तेच. शेजारी काळजाचे ठोके चालू. एवढ्या गोंगाटात कळव्यातसुद्धा कोणी झोपत नाही.

अजगराचं विचारलंस. आपल्या येऊरच्या जंगलात भारतीय अजगर आहे, अधूनमधून सोसायटीत निघतो आणि सर्पमित्र येऊन घेऊन जातात, तो माणूस गिळायच्या भानगडीत पडत नाही. माणसं गिळल्याच्या अलीकडच्या खऱ्या घटना मुख्यतः इंडोनेशियातल्या, जशा २०१७ मध्ये सुलावेसी बेटावर आणि २०१८ मध्ये त्याच्या शेजारच्या मुना बेटावर, आणि ते जाळीदार अजगर, सातेक मीटर लांबीचे, ती जात महाराष्ट्रात नाहीच. त्यातही गिळणं ही शेवटची पायरी. आधी मागे वळलेल्या दातांनी पकड, मग विळखा. लोकांना वाटतं विळख्यात श्वास कोंडून मरण येतं, पण बोआ सापांवर प्रयोग करून २०१५ मध्ये जे छापून आलं त्यात असं दिसलं की काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोलमडतं, म्हणजे शुद्ध जायला फार वेळ लागत नाही. गिळेपर्यंत भक्ष्य मेलेलंच असतं. जबडा निखळतो म्हणतात ते पण खोटं बरं का, खालच्या जबड्याची दोन हाडं पुढे एकमेकांना जोडलेलीच नसतात, ताणणाऱ्या बंधाने धरलेली असतात, म्हणून तो एकदा डावी एकदा उजवी बाजू पुढे सरकवत भक्ष्यावर चढत जातो. आणि नंतर जे होतं ते मला सगळ्यात भारी वाटतं. बर्मी अजगर उपाशी असताना पोटाचा कारखाना जवळजवळ बंद ठेवतो, आम्लसुद्धा बनवत नाही, मोठं जेवण मिळालं की सगळं सुरू, दोन दिवसांत हृदयाचं वजनच साधारण ४० टक्क्यांनी वाढतं. पचवायला सहज आठवडा, हाडं पण जातात, केस आणि नखं तेवढी खालून बाहेर येतात. तुझी मुलगी तीन दिवसांनी परत येते म्हणतेस, अजगरातून तिचे केस परत येतील, ते पण तीन दिवसांत नाही.

देवमाशाचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२५ चा तो चिलीतला व्हिडिओ तू बघितलाच असशील, मॅगेलनच्या सामुद्रधुनीत हंपबॅकने कयाकसकट एका तरुणाला तोंडात घेतलं आणि लगेच सोडून दिलं, वडील शूटिंग करत होते. ते तोंड, पोट नव्हे. हंपबॅकचा घसा इतका अरुंद असतो की माणूस त्यातून जाणारच नाही, ते बारीक मासे आणि कोळंबीसारखे छोटे जीव गाळून खाणारं जनावर आहे. घशातून माणूस जाऊ शकेल असा देवमासा म्हणजे स्पर्म व्हेल, महाकाय माकूळ अख्खे गिळतो तो, पण आत हवेचं तेच रडगाणं.

मग अख्खं गिळलं जाऊन जिवंत बाहेर कोणी येतं का? येतं की. यातच तुझ्या गोष्टीला माल आहे. जपानमध्ये बाम माशाची पिल्लं एका शिकारी माशाला खायला देऊन एक्स-रे व्हिडिओ घेतले, २०२४ मध्ये छापून आलंय, जठरात पोचलेल्या ३२ पैकी ९ पिल्लं शेपटी मागे अन्ननलिकेत घालून, उलट सरकत, कल्ल्यांतून निसटली. उरलेली काही मिनिटांत आतच थंड झाली. जपानचाच एक पाणभुंगा आहे, त्याला बेडकाने गिळलं की तो आतड्यातून चालत जाऊन मागच्या दाराने बाहेर येतो, २०२० मधला अभ्यास, एक तर सहा मिनिटांत बाहेर. बॉम्बार्डियर भुंगा त्याहून आगाऊ, पोटात गेल्यावर उकळतं रसायन सोडतो आणि भेकाला उलटी करायला लावतो. हे सगळे वाचतात ते धडपड करून, त्यातलं कोणी तिथे राहत नाही. जठरात निवांत राहणारं कोण असेल तर ती हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाची जिवाणूची जात. आम्लात जिवाणू टिकणारच नाहीत असं भलेभले डॉक्टर म्हणत होते, शेवटी बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ मध्ये ते जिवाणू स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली, रॉबिन वॉरन आणि त्याला २००५ चं नोबेल मिळालं. आतेभावाला सांग, एवढ्याशा जीवाला जमलंय.

आता तुझा दुसरा प्रश्न, तुला काही झालंय का.

मला नाही वाटत. तू जे लिहिलंयस त्यात पोटाचं काहीच नाही, एकदा परत वाच. ऊब, अंधार, सगळ्या बाजूंनी धरलेलं असणं, आणि कोणी काही न मागणं. चावणं तू स्वतःच वगळलंस, पचणं तर आलंच नाही. तुझ्या स्वप्नातला मासा म्हणजे आतून कडी लावता येते अशी खोली आहे, आणि कळव्याच्या घरात आतेभाऊ वही उचलून वाचू शकतो यावरून तशी खोली तुला नसावी. सकाळी ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकल पकडून ऐरोली, दिवसभर स्क्रीन, संध्याकाळी परत तीच गर्दी, घरी आल्यावर हे आण ते कर. माझ्या मते यात कुठला मोठा अर्थ शोधायची गरज नाही, लगेच कोणीतरी आईच्या गर्भापर्यंत जाईल, जाऊ दे त्याला. अंगाला सगळीकडून एकसारखा दाब मिळाला की बऱ्याच लोकांना शांत वाटतं, तान्ह्या बाळाला आपण दुपट्यात घट्ट गुंडाळतो ते उगाच नाही. टेंपल ग्रँडिन म्हणून पशुविज्ञानातल्या मोठ्या अमेरिकन बाई आहेत, ऑटिस्टिक आहेत, त्यांनी तरुणपणी गुरांना इंजेक्शन देताना दोन फळ्यांमध्ये धरतात ते बघितलं, त्यात गुरं शांत होतात असं दिसलं, तर त्यांनी स्वतःसाठी तसलं दाबून धरणारं यंत्र बनवलं. त्यांच्यापुढे तुझा मासा फारच साधा.

काही मोठ्या माणसांसाठी गिळलं जाण्याच्या कल्पनेला शृंगाराचीही छटा असते, तुझ्या पत्रात ती नाही, आणि असती तरी डोक्यातल्या डोक्यात कोणाचं काही बिघडत नाही. मी फक्त एवढं विचारेन की कोणी काही मागू नये असं वाटणं कधी आपण नसलोच तर बरं, इथपर्यंत जातं का. जात असेल, किंवा स्वप्न नको असताना घुसतं, काम सुटतं, झोप उडते असं असेल तर मात्र बोलायचं, टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि ठाण्याच्या हॉस्पिटलवरून केलेले जोक मला या वयात अजिबात सहन होत नाहीत, तिथे रोज शेकडो माणसं ओपीडीत उभी असतात, औषध घेऊन संध्याकाळी घरी जातात. उद्या डॉक्टर होणाऱ्या मुलाने तरी ते बोलू नये, आणि हे त्याला तुझ्या आत्यासमोर सांगितलंस तरी चालेल.

गोष्टीचं बघू. तू काही नवीन पाप केलेलं नाहीस, आपल्याकडे गिळायच्या गोष्टींची कमी आहे का? मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटात असताना शंकराने पार्वतीला केलेला उपदेश ऐकतात, तिथे ॲसिडचं कोणी विचारलं नाही. अघासुर जबडा वासून पडला तर गोपाळांना ती गुहाच वाटली आणि चालत आत गेले, म्हणजे पोटात खोली असते ही समजूत तेवढी जुनी. पण कृष्णाने त्याला मारलं कसं बघ, घशात मोठा होऊन श्वास अडवून, हे एकदम पटण्यासारखं आहे. आणि वातापी! इल्वल त्याला मेंढा करून, शिजवून पाहुण्यांना वाढायचा, मग हाक मारायचा, की हा पोट फाडून बाहेर. अगस्तींच्या वेळी हाक मारली तर आतून उत्तरच नाही, मुनींनी पोटावरून हात फिरवून पचवून टाकला होता. जिथे पचनाचं काम होतं तिथे पुराणाने पचन वापरलं, जिथे खोली हवी होती तिथे विसरून गेले. तू पण तेच कर, पण एकच थाप मार आणि ती ठाम मार. ॲसिड नाही, हवा आहे, जागा आहे, उजेड आहे, असं चार ठिकाणी सोडलंस की वाचणारा हसतो.

आणि खरं सांगू का, तिला जठरात ठेवायचंच कशाला? माशाकडे खरोखरची एक खोली असते. जठराच्या वर, मणक्याच्या खाली, हवेची पिशवी. कोळी लोक बोत म्हणतात, घोळीचा बोत सुकवून लाखांच्या भावात जातो, ऐकलं असशील. आतून चकचकीत, वायूने फुगलेला, पाचकरसाचा थेंब नाही, घुसळण नाही. रोहूसारख्या माशांमध्ये त्याला एक बारीक नळी असते, ती अन्ननलिकेला मिळते, म्हणजे तुझ्या मुलीला जायला-यायला वाट झाली. आणि खोल समुद्रातल्या कितीतरी माशांच्या पिशवीत बहुतेक ऑक्सिजनच भरलेला असतो! खोल पाणी, मोठी नळी आणि उथळ खाडी हे एकाच माशात कधी येत नाही, पण तुझा नागमासा म्हातारा आहे, आयुष्यभर कुठे कुठे फिरून आला असेल, एवढी एक थाप त्याला माफ.

सुरुवात अजून सुचत नसेल तर ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या खाडीकाठी जा, फ्लेमिंगो नसले तरी बगळे असतातच. चिखलातली निवटी पकडली की बगळा लगेच गिळत नाही, चोचीत उलटीपालटी करून डोकं आधी आत जाईल असं धरतो, म्हणजे पर आणि खवले मागे चापून बसतात, नाहीतर घशात रुततील. मग मान ताणतो आणि तो फुगवटा मानेतून हळूहळू खाली सरकताना बाहेरून दिसतो, एकदा मधेच थांबतो, आतून हलतो, मग परत सरकतो. तुझ्या मुलीला मासा गिळतो तो परिच्छेद तिथे उभं राहून लिही, डोकं आधी.

लिहून झालं की पाठव, मला शेवट वाचायचाय. युनिकोडमध्ये टाइप कर फक्त, मागे एका मुलाने कुठल्यातरी जुन्या फॉन्टमध्ये अख्खी कादंबरी पाठवली होती, माझ्याकडे नुसते चौकोन आले.